बॅटरीची चौकशी समिती

सुंदररावांनी चौकशी समिती नेमली तेव्हा प्रश्न एवढासाच होता. वाटीभर बर्फाचा. त्यांच्या बायकोनं, छबुबाईंनी, रात्री गाडीतल्या फ्रिजात बर्फाची वाटी ठेवली आणि सकाळी काढली, तर आत पाणी. तेही कोमट. दुसऱ्या एखाद्या माणसानं डोकं खाजवलं असतं, दोन वायरी हलवून बघितल्या असत्या आणि आपल्या कामाला लागला असता. पण सुंदररावांची सगळी नोकरी नेकनूरला शेतकी कर्ज देणाऱ्या सोसायटीचे सचिव म्हणून गेलेली. त्यांच्या मते जगात दोनच प्रकारच्या अडचणी होत्या : एक समिती नेमलेल्या आणि दुसऱ्या समिती नेमायच्या राहिलेल्या.

आता ही गाडी कुठली, ते सांगायला हवं. गावातली दूध सोसायटी त्या दुष्काळात बंद पडली. चारा नाही म्हणून जनावरं छावणीत गेली, जनावरं गेली म्हणून दूध गेलं, आणि दूध वाहायची बंद डब्याची गाडी वडाखाली गंजत उभी राहिली. शेवटी तिचा लिलाव निघाला. सुंदरराव तिथं गेले ते फक्त कामकाज नियमाप्रमाणे होतंय का, हे बघायला. पण बोली लावायला कुणी पुढं येईना. बोलीच नाही तर लिलाव कसला, असं म्हणून त्यांनी नियमापुरती एक बोली लावली. दुसरी आलीच नाही. अशा रीतीनं ते गाडी घेऊन घरी आले. (घेऊन म्हणजे शेजारी बसून. सुंदररावांना गाडी चालवता येत नाही. चालवत आणली ती त्यांच्या साडूनं, एसटीतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेल्या बद्रीनाथनं.)

"हे काय आनलं?" छबुबाई दारातूनच म्हणाल्या.

"कॅरव्हॅन," सुंदरराव म्हणाले. "म्हणजे फिरतं घर. यातून आपण समुद्र बघायला जाणार."

छबुबाई आत निघून गेल्या, त्याला कारण होतं. समुद्र दाखवायचं सुंदररावांनी लग्नाच्या पहिल्याच वर्षी कबूल केलं होतं. मग एका वर्षी सोसायटीची निवडणूक आली, एका वर्षी ऑडिट, एका वर्षी वसुली, आणि मधे मधे दुष्काळ तर होताच. पहिली काही वर्षं छबुबाई विचारायच्या, "औंदा जायचं का?" पुढं त्यांनी विचारणंच सोडलं. त्यांनी भांडण केलं असतं तर सुंदररावांनी तोंड दिलं असतं, पण हे विचारणं सोडून देणं त्यांना फार लागलं होतं. म्हणून निवृत्त झाल्यावर त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं की आता समुद्र दाखवायचाच, आणि दोघांनी मिळून बघायचा.

गाडीला त्यांनी बीडहून खिडक्या पाडून आणल्या. (डब्यावर 'सहकारातून समृद्धी' असं रंगवलेलं होतं. खिडकी कापताना नेमकी 'समृद्धी' गेली आणि 'सहकारातून' तेवढं राहिलं.) आत दोन बाकडी, पंखा, दिवे, बर्फाच्या खणाचा छोटा फ्रिज, चहासाठी विजेची किटली, टपावर सोलरच्या दोन प्लेटा आणि बाकड्याखाली भलीमोठी बॅटरी. "ऊन आपल्याकडं काय कमी आहे?" ते येईल त्याला सांगत. "पाऊस पडत नाही ना? पडू नको म्हणावं. आमची वीज तयार होतीय."

छबुबाईंची अट एकच होती. त्यांना साखरेचा आजार, रोज इन्शुलिनची सुई. आणि ती सुई गारव्यात ठेवावी लागते. (गावात ती दवाखान्याच्या फ्रिजात असायची; बर्फही तिथूनच यायचा.) बाहेर ऊन असं की अंगणात चप्पल विसरली तर उचलताना चटका बसावा.

"सुई गार ऱ्हायली पायजे," त्यांनी स्वच्छ सांगितलं. "मी रोज फ्रिजात बर्फाची वाटी ठेवीन. लागोपाठ दोन सकाळी बर्फ बर्फच निघाला, की म्हना निघू. न्हाई तर मी हितंच बरी."

"दोन काय, वीस सकाळी निघेल," सुंदरराव म्हणाले. आणि त्याच संध्याकाळी त्यांनी गाडीचं उद्घाटन केलं. फीत कापली, दिवे लावले, पंखा सोडला, आणि आल्यागेल्याला किटलीतला चहा पाजला. दुसऱ्या दिवशी सकाळी वाटीत पाणी होतं.

समितीत तीन माणसं घेतली. पहिले सर्जेराव, बंद पडलेल्या दूध सोसायटीचे चेअरमन. गाडी आधी त्यांच्या ताब्यात होती, त्यामुळं तिचा स्वभाव त्यांना ठाऊक असणार. दुसरा त्रिंबक, मोटार रिवायंडिंगवाला. बोअरच आटल्यानं कुणाची मोटार जळेना, म्हणून त्याला वेळ होता आणि त्याच्याकडं मीटर होतं. तिसरा आश्रुबा. आश्रुबाला कुठल्याही समितीत घेतात. नाही घेतलं तर तो विरोधात जातो आणि घेतलं तर झोपतो. अध्यक्ष अर्थातच सुंदरराव.

बैठक कुठं घ्यायची यावर चर्चाच झाली नाही. चौकशी घटनास्थळी व्हायला हवी, हा सुंदररावांचा जुना दंडक. त्यामुळं चौघंही गाडीत जाऊन बसले. बसल्याबरोबर पंखा लावला. सर्जेराव घाम पुसत म्हणाले, "आधी वस्तुस्थिती समजून घेऊ. तवर चहा टाका."

किटली बाकड्याखालच्या बॅटरीला लावली. ती अशी घरघरली, की आश्रुबा दचकून जागा झाला.

"लई ताकदीची हाय बे ही," तो त्रिंबकला म्हणाला.

"फुकटची वीज आहे," सुंदरराव अभिमानानं म्हणाले. "गॅसला हात लावायचा नाही."

चहा झाल्यावर त्रिंबकनं मीटर लावून बॅटरी तपासली. बॅटरी खाली गेली होती. समिती गंभीर झाली. चर्चेनं घसे सुकले तेव्हा सर्जेरावांनी सहज फ्रिज उघडला, आणि दिवसाच्या उन्हावर फ्रिज चालत असल्यानं त्यांना आत गार पाण्याची बाटली दिसली.

इथं एक सांगायला हवं. त्या उन्हाळ्यात गावात टँकरचं पाणी येत होतं. ते टाकीतून निघायचं तेच तापलेलं. माठ भरून ठेवावा, तर वाटपाच्या पाण्यातून पाझरायला द्यायला जीव होत नव्हता. गार पाणी ही चीज अख्ख्या गावानं कित्येक दिवसांत चाखली नव्हती. सर्जेरावांनी घोट घेतला आणि डोळे मिटले. चेअरमनच्या खुर्चीवरसुद्धा त्यांच्या चेहऱ्यावर इतकं समाधान कुणी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशीच्या बैठकीला प्रत्येक सभासद घरून आपापली बाटली भरून घेऊन आला.

"बैठक चालू हाय तवर ठिवतो आत," आश्रुबा म्हणाला. "जाताना घिऊन जाईन."

त्या दिवशी समितीनं असा निष्कर्ष काढला की टपावरच्या प्लेटांवर धूळ बसली आहे. खरोखरच बसली होती. सुंदररावांनी प्लेटा धुवायला घरातून कळशीभर पाणी मागितलं. छबुबाई कळशीवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"मानसाला आंगुळीला पानी न्हाई, आन् तुमी गाडीला न्हाऊ घालताव?"

शेवटी तांदूळ धुतलेलं पाणी मिळालं. सुंदरराव शिडीवर चढले, त्यांनी प्लेटा पुसल्या, आणि खाली येऊन जाहीर केलं की प्रश्न मिटला. मिटल्याच्या आनंदात किटली पुन्हा लागली. सकाळी वाटीत पाणी. त्यात तांदळाच्या पाण्यानं प्लेटांवर पांढरे ओघळ आले होते, ते वेगळेच.

मग संशय वायरवर गेला. वायर बदलली. मग बॅटरीच्या टोकांवर. टोकं घासून त्यांना व्हॅसलीन लावलं. (व्हॅसलीन छबुबाईंच्या पायांच्या भेगांसाठी आणलेलं होतं. त्याबद्दलही त्या बोलल्या.) मग सर्जेरावांनी आवाज खाली आणून शंका काढली, "कुनी करंट चोरत तर न्हाई? गाडी रस्त्याकडंला उभी हाय." म्हणून दिवसभर पाळत ठेवायचं ठरलं. पाळत आतूनच ठेवायची असल्यानं समिती दिवसभर गाडीत, पंख्याखाली बसली. चोर आला नाही. चहा मात्र किती झाला, त्याला गणती नाही.

चौथ्या की पाचव्या दिवशी त्रिंबकनं हात टेकले. "सचिवसायब, बॅटरीतच जीव न्हाई."

"मग दुसरी आणू," सुंदरराव जराही न डगमगता म्हणाले. आणि आणलीही. पहिलीच्या शेजारी बसवली. आता गाडीत पाय ठेवायला जागा नव्हती, पण सुंदररावांचा आत्मविश्वास दुप्पट झाला होता. समितीनं दोन बॅटऱ्यांच्या मानानं चहाही वाढवला.

सकाळी वाटीत पाणी.

त्या दिवशी छबुबाईंनी तोंड उघडलं. अंगणात खाटेवर बसून ज्वारी निवडत त्या म्हणाल्या, "आवो, ती किटली बंद करा. पंखा बंद करा. आन् ती तापलेल्या पान्याच्या बाटल्यांची रांग फ्रिजातनं काढा. बिचारा फ्रिज दिसभर धापा टाकतोय. बॅटरी तुमच्या बैठकीच पीत्यात."

सुंदरराव हसले. रागावले नाहीत, हसले. कामकाजाच्या विषयावर ते घरातसुद्धा पुस्तकी बोलत.

"हे बघ, जरा तर्कानं विचार कर. पहिल्या दिवशी बर्फ वितळला तेव्हा समिती होती का? नव्हती. समिती नेमली त्यानंतर. मग समितीमुळं बॅटरी उतरते, हे कसं म्हणता येईल?"

"पयल्या दिशी उद्घाटन व्हतं न्हवं? तवा बी हेच तिघं व्हते. हीच किटली व्हती."

"तो कार्यक्रम होता," सुंदरराव शांतपणे म्हणाले. "कार्यक्रम वेगळा आणि बैठक वेगळी. शिवाय तू समितीची सभासद नाहीस. तरी तुझी सूचना मी समितीपुढं मांडीन."

त्यांनी ती मांडलीही. सर्जेराव म्हणाले, "बायामानसाला इजेतलं काय कळतंय?" त्रिंबकनं मीटरकडं बघितलं आणि तो गप्प बसला, कारण त्याची बाटली अजून गार व्हायची होती. आश्रुबा झोपेतच "मंजूर" म्हणाला. सूचना फेटाळली गेली.

पुढच्या दिवशी साखर कारखान्याची सभा होती. सभासदांना जेवण होतं, म्हणून समितीतले सगळे सभेला गेले, सुंदररावही गेले. दिवसभर गाडी एकटी उन्हात उभी राहिली. छबुबाईंनी फ्रिजात सुई आणि वाटी ठेवली, दार लावलं आणि कडी घातली.

सकाळी वाटीत बर्फ होता. वाटी पालथी केली तरी पडेना असा घट्ट.

सुंदररावांच्या आनंदाला पारावार राहिला नाही. ती वाटी हातात धरून ते गल्लीभर फिरले. "व्हॅसलीन!" ते प्रत्येकाला सांगत होते. "परवा टोकांना दुसऱ्यांदा व्हॅसलीन लावलं, त्याचा गुण. बघा, समितीचं काम कसं असतं!" घरी येईपर्यंत वाटीत पाणी झालं होतं, पण तो उन्हाचा दोष. या यशाबद्दल समितीचं अभिनंदन करायला त्यांनी लगेच बैठक बोलावली. किटली लागली. बाटल्या आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी वाटीत पाणी होतं. छबुबाईंनी ते तुळशीला घातलं आणि शिरूर कासारला आपल्या बहिणीला, बायनाबाईला, फोन लावला. सुंदररावांना एवढंच ऐकू आलं, "भावजींना बी घिऊन ये. कपडे बांधूनच ये."

बायनाबाई आणि बद्रीनाथ दुपारच्या बसनं आले. बायनाबाईनं कित्येक हंगाम ऊसतोडीत काढलेले. तिनं कारखाने पुष्कळ बघितले होते, समुद्र तिनंही बघितला नव्हता. छबुबाई नवऱ्याला म्हणाल्या, "आज बैठक सोसायटीच्या ओट्यावर घ्या. घरात पावनं हायत, गाडीत सामान ठिवायचंय."

पाहुण्यांपुढं नाही म्हणता येईना. समिती ओट्यावर बसली. पंखा नाही, चहा नाही, गार पाणी नाही. बैठक कधी नव्हे ती लवकर आटोपली. त्या रात्री बर्फ टिकला. दुसऱ्या दिवशीही बद्रीनाथ गाडीच्या दारातच ठाण मांडून बसला, आणि एसटीच्या दारात उभ्या माणसाला कसं आवरायचं हे त्याला कुणी शिकवायला नको होतं. त्या दिवशीही समिती ओट्यावरच बसली.

आणि दुसऱ्या सकाळीही बर्फ.

"अट पुरी झाली," छबुबाई म्हणाल्या. त्यांनी ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसलं होतं. सुंदररावांनी त्यांच्याकडं पाहिलं आणि त्यांना उगाच लग्नाचा दिवस आठवला. "आवरा. उन्हं चढायच्या आत निघायचंय."

"निघायचंच," सुंदरराव म्हणाले. "फक्त समितीचा अहवाल तेवढा मंजूर करून येतो. चौकशी अर्धवट टाकून अध्यक्ष गावाबाहेर गेला, असं नको. आत्ता जातो आणि आत्ता येतो."

"आवो, बॅटरी भरली, बर्फ ऱ्हायला. आता कशाचा अहवाल?"

"का भरली, त्याचा."

छबुबाईंनी पदर खोचला. "बगा हं," त्या म्हणाल्या. "आज मी थांबनार न्हाई. लई वर्सं थांबले."

सुंदररावांना ते ऐकू आलं. खरं तर ऐकू आलं तेव्हाच त्यांनी माघारी फिरायला हवं होतं. पण ओट्यावर सर्जेराव येऊन बसलेले दिसत होते.

अहवाल साधा होता : व्हॅसलीनमुळं दोष दूर झाला. पण आश्रुबा नेमका त्याच दिवशी जागा होता. त्यानं हरकत घेतली. "मी म्हनलो व्हतो धूळ. धुळीचं नाव घाला." त्रिंबक म्हणाला वायरचंही घाला. सर्जेरावांना 'माजी चेअरमन यांच्या मार्गदर्शनाखाली' असे शब्द हवे होते. सुंदरराव उभे राहून एकेका मुद्द्याला उत्तर देऊ लागले. उत्तरं त्यांना फार छान सुचत होती.

तेवढ्यात हॉर्न वाजला. ओट्यासमोरच्या रस्त्यावरून पांढरी दूधगाडी गेली. चाकावर बद्रीनाथ, शेजारी बायनाबाई. कापलेल्या खिडकीत, 'सहकारातून' या शब्दाच्या पुढं, छबुबाईंचा चेहरा होता. त्यांनी हात हलवला. गाडी जरा हळू झाली. नक्की झाली, कारण बद्रीनाथनं स्टँडवर करतात तसं दोनदा ब्रेकवर पाय ठेवला.

सुंदररावांनी हात वर केला. पण अध्यक्ष बोलत असताना जागा सोडत नाहीत, हा नियम त्यांनीच गावाला घालून दिलेला. "एक मिनिट!" ते गाडीकडं बघून ओरडले. "एवढा मुद्दा संपवतो!"

मुद्दा संपला तेव्हा रस्त्यावर धूळ तेवढी होती. "बगा," आश्रुबा म्हणाला. "धूळच."

ते दिवस सुंदररावांनी कसे काढले ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. घरात दोन ताटांपैकी एकच खाली यायचं. चहा ते गॅसवरच करत. तिसऱ्या की चौथ्या दिवशी छबुबाईंचा फोन आला. मागं मोठा आवाज होता.

"आवो, ऐकताव का? हर्णैला हाव. लई मोठा हाय हो. लई म्हंजे लईच. बायना तर रडायलीय." आणि मग, "तुमी पायजे व्हते."

सुंदररावांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. त्यांनी घाईनं विचारलं, "बॅटरी?"

"भरलेली हाय."

"बर्फ?"

"बर्फ हाय. वाटंत चौघांनी दूध मागितलं, तेवढाच तरास."

"मग तुम्ही नेमकं काय केलं? व्हॅसलीन लावलं का?"

"काय न्हाई केलं," छबुबाई म्हणाल्या. "तुमी चौघं न्हवते."

गाडी परत आली त्या दिवशी सुंदररावांनी समिती दारातच अडवली. त्यांचं आता पूर्ण समाधान झालं होतं आणि ते त्यांनी खणखणीत आवाजात जाहीर केलं. किटली बंद. गाडीत बैठक बंद. आणि फ्रिज छबुबाईंशिवाय कुणीही उघडायचा नाही, अध्यक्षांनीसुद्धा. तिघा सभासदांनी आपापल्या कोमट बाटल्या पाठीमागं धरून ते ऐकलं.

छबुबाई अंगणात शेजारणींना समुद्राची लांबी हातांनी दाखवत होत्या. सुंदरराव बॅटरी बघायला म्हणून गाडीत शिरले. बॅटरी भरलेली होती. आत सगळं शांत, गार. एवढं बोलून त्यांच्या घशाला कोरड पडली होती. हात आपोआप गेला, दार उघडलं, समोर दवानं थबथबलेली बाटली होती. त्यांनी तोंडाला लावली आणि सवयीनं एका दमात अर्धी संपवली.

डोळ्यांतून पाणी आलं. नाकातून आलं. दारात सर्जेराव, त्रिंबक आणि आश्रुबा बघत उभे होते. त्यांच्यापुढं थुंकणं शक्य नव्हतं. सुंदररावांनी गिळलं.

तिघांच्या मागून छबुबाई पुढं आल्या. त्यांनी उघडा फ्रिज पाहिला, बाटली पाहिली, नवऱ्याचं तोंड पाहिलं, आणि पदर तोंडाला लावला.

"तुमाला दाखवायलाच आनला व्हता हो बाटलीत भरून," त्या म्हणाल्या. "कसा हाय समुद्र?"

सुंदररावांनी मान ताठ केली, मिशी पुसली, आणि आयुष्यात पहिल्यांदाच अध्यक्षस्थानावरून गावच्या भाषेत बोलले.

"गार हाय."